आठही गाड्या तयार

वर्कशॉपमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर फलक होता आणि त्यावर आठ हिरवे दिवे. लष्कराच्या आठ रुग्णवाहिका, प्रत्येकीचा एक दिवा. गाडी तयार असेल तर हिरवा, नसेल तर लाल. मधलं काही नाही. लाल दिवा इतके दिवस कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे नव्या जवानांना वाटायचं की खर्च वाचवायला तो बसवलेलाच नाही. वर्कशॉप चालवणाऱ्या इंजिनियरबाईंचं नावच त्यांनी हिरवीबाई पाडलं होतं. तोंडावर मात्र सगळे तिला ताई म्हणायचे.

त्या सकाळी मोजणी आटोपून ताई चहाचा कप हातात घेते न घेते तोच धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, त्याच छावणीत लष्कराची डॉक्टर.

"ताई, तुझ्या गाड्या घेऊन चाललेय मी."

"कुठे?"

"खिंडीपलीकडे. तिकडच्या दरीतल्या ठाण्यावर रात्री दरड कोसळलीय. माणसं दबली होती, काढलीत, पण हाल आहेत त्यांचे. ढग इतके उतरलेत की हेलिकॉप्टर उडत नाहीय. दुपारी निघायचा हुकूम आहे. आईला फोन केला होता. ती लागली रडायला. मी म्हटलं, अगं, ताईच्या गाडीतून चाललेय. तर म्हणाली, मग ठीक आहे, आणि ठेवला की फोन! माझ्यापेक्षा तुझ्या गाड्यांवर जास्त विश्वास आहे तिचा."

धाकटी हसली. ताईही हसली. फोन ठेवल्यावर तिने चहा तसाच टेबलावर ठेवला आणि खिडकीतून शेडकडे पाहत राहिली. आठही गाड्या ओळीने उभ्या होत्या, धुतलेल्या, पुसलेल्या, टायरना काळं लावलेलं. खिंड, तिने मनाशी म्हटलं. म्हणजे अखंड चढ. उतरून पलीकडे जायचं, माणसं भरायची आणि तोच चढ पुन्हा चढायचा.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं.

पूर्वी या गाड्या सांभाळणाऱ्या ताईच्या खासगी कंपनीला लष्कर दर दुरुस्तीमागे पैसे द्यायचं. गाडी बिघडली की बिल. मग गाड्या बिघडायच्याच, न बिघडून सांगतात कुणाला! एकेक सुटा भाग महिनोन्महिने यायचा नाही आणि निम्म्या रुग्णवाहिका विटांवर चढून बसलेल्या असायच्या. शेवटी लष्कराने करार बदलला. दुरुस्तीचे पैसे बंद. रोज सकाळी किती गाड्या तयार आहेत, त्याचे पैसे. आणि 'तयार' म्हणजे काय, ते लिहिण्याचं काम ताईकडे आलं. तिने मन लावून लिहिलं. किल्ली फिरवल्यावर पहिल्या झटक्यात इंजिन सुरू व्हावं, गाडी पुढेमागे हलावी, ब्रेक धरावा, सायरन, दिवे, ऑक्सिजन, सगळं चालावं. करार खरोखरच गुणाचा निघाला. सुटे भाग चुटकीसरशी यायला लागले, विटा निघाल्या, गाड्या झळकायला लागल्या. ताईची पाठ थोपटली गेली आणि ती काही उगाच थोपटली गेली नव्हती.

पण माणूस कशाचे पैसे मिळतात ते बरोबर ओळखतो. गाडी बाहेर गेली तर बिघडेल, बिघडली तर दिवा लाल होईल. म्हणून कंपनीने गाड्या तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. लष्करालाही आठ हिरवे दिवे वर दाखवायला आवडायचे, म्हणून तेही गाड्या मागेनासे झाले. एखाद्या जवानाचा पाय मुरगळला तर त्याला जीपमध्ये घालून नेत. रुग्णवाहिका रोज सकाळी सुरू व्हायच्या, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, आणि बंद. शोकेसमधल्या बाहुल्यांची तब्येतही अशीच उत्तम असते.

डिझेलच्या गाडीचं मात्र एक आहे. धुरातली काजळी सायलेन्सरच्या वाटेवर एका फिल्टरमध्ये अडकते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते. रोज थोडा वेळ चालवून बंद केली की ती तशीच साचत राहते. फिल्टर भरत आला की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो. त्यावर इलाज सोपा आहे: कॉम्प्युटर जोडायचा आणि गाडी जागच्या जागी तासभर जोरात चालवून काजळी जाळून टाकायची. पण त्या तासात गाडी 'दुरुस्तीत' धरली जाते, म्हणजे फलकावर लाल. तेव्हा ताईने ठरवलं होतं की पिवळा दिवा म्हणजे बिघाड नव्हे, नुसती सूचना. सूचना कॉम्प्युटरवरून पुसून टाकता येते. ती पुसायची, सवडीने फिल्टर साफ करू म्हणायचं. आणि सवड कुणाला मिळालीय?

ती शेडमध्ये गेली. फोरमनकाका एका गाडीचं बॉनेट फडक्याने पुसत होते. काका जुने, तोंडाने फटकळ, पण ताईचा शब्द कधी खाली पडू देत नसत.

"काका, यातली कुठली गाडी शेवटची लांब कधी गेली होती?"

काकांचा हात थांबला. "लांब म्हणजे?"

"घाट चढेल इतकी लांब."

"तुमचाच नियम ना, ताई. काढायच्याच नाहीत."

"मला माहितीय माझा नियम. कधी गेली होती?"

"मी तरी पाहिलेली नाही," काका म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले, जरा जास्तच जोरात.

ताईने मोठ्या साहेबांना फोन लावला. मोठे साहेब कंपनीच्या मुख्य कचेरीत बसत आणि करार हा त्यांचा जीव की प्राण होता. तिने सगळं सांगितलं. दुपारपर्यंत जितक्या होतील तितक्या गाड्यांची काजळी जाळून घेते, तेवढा वेळ दिवे लाल होतील, एवढंच.

"एवढंच?" साहेब म्हणाले. "उद्या कराराचं नूतनीकरण आहे आणि तुम्ही आज फलक लाल करायला निघालात? आज सकाळी आठही पास झाल्या ना?"

"झाल्या. पण सर, पास होणं वेगळं..."

"मग वेगळं काय उरलं? व्याख्या तुमचीच आहे, मी लिहिलेली नाही. आणि हे बघा, दुपारी एकदा गाड्या गेटबाहेर गेल्या की पुढचं त्यांचं ते बघतील."

"सर, त्यात माझी बहीण असणार आहे."

"मग तर तुम्ही उगाच घाबरताय," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "घरचं माणूस असलं की असं होतंच."

ताईला राग आला तो त्यांच्या बोलण्याचा नाही. क्षणभर तिलाही वाटून गेलं की खरंच, आपण उगाच घाबरतोय, आणि त्याचा तिला राग आला. फिल्टर तुंबले असतीलही, नसतीलही. ती इंजिनियर होती. नुसत्या भीतीवर छावणीच्या कर्नलसमोर जाऊन काय बोलणार? आधी पुरावा हवा. तिने पाच नंबरच्या गाडीची किल्ली उचलली.

"घाटात नेऊन बघते," ती काकांना म्हणाली. "तासाभरात येते."

"मग पाच लाल करू?"

ताई फलकाकडे बघत थांबली. "राहू दे," ती म्हणाली. "येतेच ना लगेच."

छावणी मागे पडली तेव्हा पाच नंबर इतकी सुरेख पळत होती की ताईला स्वतःचीच लाज वाटली. चढ लागला, तिने गिअर खाली घेतला, गाडी मुकाट्याने चढत राहिली. पहिलं वळण, दुसरं, मग वळणांवर वळणं. रस्त्याच्या एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ढग, खाली काय आहे ते दिसतच नव्हतं. स्टिअरिंगवरची तिची बोटं सैल व्हायला लागली. तेवढ्यात पिवळा दिवा लागला. ताई त्याच्याकडे कानाडोळा करून पुढे गेली, तो लागणार हे तिला ठाऊकच होतं. पण थोड्याच वेळात पायाखालचा जोर गेला. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी धापा टाकत चालायची तेवढीच चालायला लागली. इंजिनाने स्वतःला वाचवायला हात आखडता घेतला होता. पुढच्या वळणाच्या चढावर ती थांबलीच. ताईने पुन्हा सुरू केली. पहिल्या झटक्यात सुरू झाली! पण चढेना.

मागे मोकळी गाडी, पोटात एकही रुग्ण नाही, आणि अर्धा घाट अजून वर होता.

ताईने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिच्या डोळ्यांसमोर धाकटी येत होती, मागच्या बाकावर, एका हाताने सलाईनची बाटली धरलेली, आणि गाडी अशीच उभी. फोन काढून पाहिला तर कातळाच्या आड रेंजचा पत्ता नव्हता. तिने गाडी वळवली आणि उतारावरून शक्य तितक्या वेगाने खाली आणली. घाटाच्या पायथ्याशी दोन रस्ते मिळत होते आणि लष्कराचा मोठा रस्ता दुसऱ्या अंगाने वर जात होता. तिकडे धुळीचा लोट दिसला. तो कशाचा आहे ते तिला छावणीत पोचेपर्यंत कळलं नाही.

शेड रिकामी होती. काका दारातच उभे होते.

"गेल्या," ते म्हणाले. "तिकडून निरोप आला की एका जखमीचं काही खरं नाही, आत्ताच निघा. कर्नलसाहेब आले, फलकाकडे पाहिलं, चला म्हणाले. मी म्हटलं, ताई येऊ देत. ते म्हणाले, कशाला? सगळ्या हिरव्याच आहेत की."

ताई धावतच कर्नलच्या खोलीत गेली, मागोमाग काका. कर्नल वयाने मोठे, शांत माणूस. टेबलावर नकाशा आणि दोन फोन होते. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, काही हातचं न राखता: फिल्टर, पुसलेले दिवे, पाच नंबर घाटात कशी उभी राहिली ते. कर्नल ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"फलकावर आठ होत्या," ते म्हणाले. "शेडमध्ये सात. मला वाटलं मोजायला माझंच चुकलं."

ताईने पाच नंबरची किल्ली टेबलावर ठेवली.

"सकाळी तुम्हाला शंका आली तेव्हा मला एक फोन का नाही केला?"

"पुरावा नव्हता, साहेब."

"मी कुठे पुरावा मागितला असता?" कर्नल हळूच म्हणाले. "तुम्ही नुसतं 'मला भीती वाटतेय' म्हणाला असतात तरी मी थांबवल्या असत्या. निदान दोन तरी साफ करून घेतल्या असत्या."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. कर्नलनी फोन फिरवले. एक ओढगाडी खिंडीकडे पाठवली. तासाभराने वरच्या चौकीतून कळलं की जाताना एक रुग्णवाहिका खिंडीच्या तोंडाशीच बसली, बाकीच्या सहा रखडत रखडत पलीकडे उतरल्यात. आता ठाण्याशी जोडणारा फोन तेवढा वाजायचा होता. तिघं त्याच्याभोवती बसून राहिली. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची कड कुरतडायला लागले.

फोन वाजला. कर्नलनी ऐकलं आणि रिसीव्हर ताईकडे दिला. "डॉक्टर आहेत. तुम्हाला मागतायत."

"ताई," धाकटीचा आवाज वेगळाच होता, कामातला. "नीट ऐक. बाकीचे थांबू शकतात. एकजण आहे त्याच्या पोटात रक्तस्राव होतोय, त्याला छावणीत आणून ऑपरेशनच करावं लागणार. मी त्याला घेऊन निघतेय. येताना गाड्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. वाटेत थांबणं याला परवडणार नाही."

"गाडी जागेवर तासभर जोरात चालवली तर साफ होते, कॉम्प्युटर नसला तरी काही प्रमाणात..."

"तास नाहीय त्याच्याकडे. सहा गाड्या आहेत माझ्यासमोर. कुठल्या गाडीत घालू? तेवढं सांग."

"ड्रायव्हर काय म्हणतात?"

"प्रत्येकजण म्हणतो माझी बरी आहे. ताई, तू सांग ना."

लहानपणापासून हे असंच. कुठला फ्रॉक घालू, कुठल्या कॉलेजात जाऊ, या मुलाला हो म्हणू का. धाकटी विचारायची आणि ताई सांगायची. ताईच्या ओठांवर आत्ताही एक नंबर आला होता. तीन. तीन नंबर सगळ्यांत देखणी, पाहुणे आले की तिचंच बॉनेट उघडून दाखवायचे, इंजिनावर धुळीचा कण सापडायचा नाही. 'तीन घे' म्हटलं की धाकटीचा जीव भांड्यात पडला असता. पण का तीन? ताईने स्वतःला विचारलं. रोज सकाळी आठ गाड्यांना आठ वेळा 'तयार' म्हणून म्हणून या सहांतली कुठली चांगली, कुठली वाईट, याचा तिला गंधही उरला नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी कण्हत होतं, ते ऐकू आलं.

"माहीत नाही?"

"नाही गं. खरंच नाही माहीत. अंदाजाने सांगितलं तर तू त्यावर विसंबशील."

"बरं," धाकटी म्हणाली. "बरं झालं खरं सांगितलंस. नंबर सांगितला असतास तर ती एकच काढली असती. आता दोन काढते, दुसरी रिकामी मागोमाग. पहिली बसली की त्याला उचलून दुसरीत. ठेवते."

कर्नल विचारत होते, पोचतील ना? सगळ्या छावणीला सवय होती की ताईला विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं. "मला विचारू नका, साहेब," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

मग नुसती वाट पाहणं. कुणी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. आईचा फोन आला, ताईने तो उचलला नाही; आणि न उचलल्यामुळे आईला सगळं कळलं असणार, हेही तिला कळत होतं. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं. काका मध्येच उठून दारापर्यंत जात आणि परत येऊन बसत.

टेबलावरचा फोन वाजला तो खिंडीपलीकडच्या चौकीतून. पुन्हा धाकटीच होती, धापा टाकत होती.

"पहिली बसली. चढावरच. त्याला उचललंय, दुसरीत घातलंय, आहे अजून. मी चौकीचा फोन घेतलाय, स्ट्रेचर बांधतायत तेवढ्यात."

"कुठली बसली?"

"तीन नंबर. सगळ्यांत नवी दिसत होती म्हणून मीच पुढे घेतली."

ताईने डोळे मिटले. "ती आम्ही कधी बाहेरच काढली नव्हती," ती पुटपुटली. "दाखवायलाच ठेवली होती."

"मग जी कमी चालली तीच जास्त तुंबली असणार ना? हे मघाशी का नाही सुचलं तुला?"

"आत्ता सुचलं," ताई म्हणाली. हे बोलणं तिला लागलं होतं, पण वाईट वाटून घ्यायला आता वेळ नव्हता. "दुसरी कुठली आहे? नंबर सांग."

"सात."

सात. ताईला सात नंबरचं काहीच आठवेना. तिने रिसीव्हरवर हात ठेवून काकांकडे पाहिलं. "काका, सात कधी बाहेर गेलीय का? खरं सांगा."

काकांनी एकदा कर्नलकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "आता विचारताय म्हणून सांगतो. जाते."

"कुठे?"

"खिंडीच्या उलट दिशेला, दुसऱ्या घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. सातच्या ड्रायव्हरची सासू... तिचं रक्त मशीनवर साफ करावं लागतं. बसचा प्रवास झेपत नाही तिला. सकाळची मोजणी झाली की नेतो आणि संध्याकाळपर्यंत आणून लावतो. दर आठवड्याला. गेटवरचा माणूस त्याचा मेहुणा आहे. मला माहीत होतं, ताई. तुम्ही त्याला काढून टाकलं असतंत म्हणून बोललो नाही."

कर्नल खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं असावं.

दर आठवड्याला, ताईच्या मनात आलं. आख्खा घाट, चढून उतरून, चांगली तापून. तिने हात काढला.

"ऐक," ती म्हणाली. "सात नंबर घाट चढलेली आहे. पुष्कळदा. गिअर खालचा ठेवायला सांग, मध्ये कुठे थांबू देऊ नकोस."

"म्हणजे पोचेन मी?"

"बहुतेक."

ताईच्या तोंडून हा शब्द धाकटीने बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता.

"बहुतेक?"

"बहुतेक," ताई म्हणाली. "जा आता."